साक्षीदार मागं राहणारा हवा

मणक्याचा टीबी बरा होतो. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण मी आजारी असताना हाती लागेल ते वाचायचे आणि प्रत्येक लेखात ही ओळ अगदी शेवटी यायची. तिथवर पोचेपर्यंत वाचणाऱ्याचा धीर सुटलेला असतो. मी आज शाळेत शिकवते, जिने चढते, बसमध्ये जागा नसेल तर उभी राहते. पाठीत एक लहानसा उंचवटा राहिला आहे. तो ओढणीखाली झाकला जातो.

औषधं कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतील. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे. माणूस अंथरुणावर असताना घर थांबत नाही. त्याच्या उशाशी, त्याच्या पायाशी, पडद्यापलीकडे निर्णय होत राहतात. कोणाचं लग्न, कोणती जागा कोणाला, कोणाच्या नावावर काय. आजारी माणसाला त्यातलं बरंच ऐकू येतं, कारण त्याला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं.

नाव बदललेला आजार

कंबर दुखायला लागली तेव्हा मी एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी वणीहून नागपूरला खेपा घालत होते. सगळ्यांना वाटलं, बसच्या दणक्यांनी दुखते आहे. आई विटेचा शेक द्यायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी गॅस सांगितला, मग कॅल्शियम. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. वजन उतरत होतं, पण मुलीचं वजन उतरलं तर आमच्याकडे कोणी काळजी करत नाही, उलट कौतुक होतं. एक दिवस न्हाणीत बादली उचलताना पाय स्वतःचे वाटेनात, तेव्हा बाबा मला नागपूरला घेऊन गेले.

तिथे दोन तरुण डॉक्टर माझी फिल्म उजेडाला धरून इंग्रजीत बोलत होते. खूप उशीर केला आहे, पायांत जोर परत येईलच असं नाही, अशा कुटुंबांत मुलींना उशिराच आणतात. बाबा पांढरा शर्ट, पायात चपला आणि हातात नायलॉनची पिशवी अशा वेषात शेजारी उभे होते. मलाही त्यांनी तशीच, इंग्रजी न कळणारी धरली असणार. माझं शिक्षण वणीच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे हे त्यांना कसं कळावं? खाणीतल्या साहेबांच्या मुलांबरोबर आम्ही दोन-चार गावातली मुलं तिथे जायचो. मराठी मी घरात शिकले, वर्गात नाही.

डॉक्टर बाजूला गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणतात?"

मी म्हटलं, "बरी होईन म्हणतात."

त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांत जास्त मला माहीत होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी मराठीत आजाराचं नाव सांगितलं तेव्हा बाबांनी खाली बघितलं. मग आवाज उतरवून विचारलं, "साहेब, कागदावर टीबी लिहाच लागते का? मणक्याचा आजार लिहिलं तं नाही चालत?" डॉक्टर म्हणाले, चालत नाही. बाबांनी ते कागद पिशवीत सगळ्यात खाली, माझ्या गाऊनखाली ठेवले. घरी फोन केला तो रस्त्यापलीकडच्या बूथवरून. परत आल्यावर आईचा निरोप सांगितला, की आजपासून सगळ्यांना स्लिप डिस्क सांगायचं. दादाचं लग्न व्हायचं होतं, माझंही. मला कोणी विचारलं नाही. मी आडवी होते, आणि आडव्या माणसाला विचारायचं लोक विसरतात.

शेजारची खाट

हॉस्पिटलमध्ये पू काढला, पाठीच्या पट्ट्याचं माप घेतलं आणि सांगितलं की आता पाठीवर पडून राहायचं, कुशीवर वळायचं तरी ओंडका लोटतात तसं, अख्खं. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला रक्त वाटलं आणि मी दुपारपर्यंत गप्प राहिले. सिस्टरला विचारायला लाज वाटली. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते: ती नारिंगी होते, घाबरू नका.

सकाळी सहाला चादरी, मग गोळ्या, मग राउंड, मग वाट बघणं. शेजारच्या खाटेवर वच्छलाबाई होत्या, मुकुटबनजवळच्या एका खेड्यातल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, पायाला वजन टांगलं होतं, तोंड मात्र मोकळं होतं. बाबा पहिल्यांदा माझ्यासाठी खानावळीतून डबा घेऊन आले तेव्हा त्यांनी मान वळवून नीट निरखलं.

"हे तं ग्रेडर साहेब होय."

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, बरीच वर्षं मुकुटबनलाच. शेतकऱ्याच्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा कापूस काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये हळूच ओढून धाग्याची लांबी बघायची, ओलावा बघायचा आणि प्रत सांगायची. त्यांच्या एका शब्दावर समोरच्याचं वर्ष ठरायचं. मग त्या वर्षांत सगळंच बिघडलं. भाव पडले, केंद्रं एकेक करून बंद झाली, पेपर उघडायची भीती वाटायची, आणि बाबांना घरी बसवलं. कागदावर ती स्वेच्छानिवृत्ती होती. बोटांची सवय मात्र गेली नाही. टॉवेल, चादरीचा काठ, पेपरचा कोपरा, जे हातात येईल ते अंगठा आणि तर्जनी ओढून बघत राहायची.

"तुह्या बापानं माहा कापूस फरदड सांगतला होता," वच्छलाबाई मला म्हणाल्या. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडाला उरलेलं, कमी प्रतीचं. "दुसऱ्या वेचणीचा होता चांगला. मी अजून नाही विसरली."

बाबा ओशाळून हसले. म्हणाले, "ओला असन, बाई."

"ओली तं मी होती, पाऊस येऊन राह्यला होता तं," त्या म्हणाल्या, आणि अख्खा वॉर्ड हसला. त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा, आणि पाठीत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांची सून नागपुरात नातेवाइकांकडे राहून रोज डबा घेऊन यायची, वेळेवर. मी कौतुक केलं तर वच्छलाबाई म्हणाल्या, "घर माह्या नावावर हाय म्हून येते. बुढा मरायच्या आंदी करून गेला. नसतं केलं तं मी आज इथं बिस्कुट खाऊन राह्यली असती." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुह्या नावावर काय हाय वो?"

"एक प्लॉट आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी परक्या माणसासमोर पहिल्यांदाच उच्चारत होते, आणि मला बरं वाटलं.

"कागद पाह्यला?"

"बाबांनी सांगितलं आहे."

त्या छताकडे बघत म्हणाल्या, "सांगतलं तं मलेही लय जणायनं."

मला त्यांचा राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

वरोरा रोडचा प्लॉट

तो प्लॉट बाबांनी मी प्राथमिक शाळेत असताना घेतला. वरोरा रोडला लेआउट पडला होता, चार दगड, मध्ये बोराटीची काटेरी झुडपं, बाजूने कोळशाचे ट्रक. रविवारी बाबा मला सायकलवर पुढच्या दांड्यावर बसवून तिथे न्यायचे. दादाला ऊन लागायचं म्हणून तो यायचा नाही. आम्ही दगड जागेवर आहेत का ते बघायचो, मग बाबा डबा उघडायचे. एकदा मी सीताफळाच्या बिया तिथे थुंकल्या आणि पुढच्या पावसात त्यातलं एक रोप उगवलं. बाबांनी त्याला काट्यांचं कुंपण केलं.

"दादाले घर आहेच," ते म्हणायचे. "हे तुहं."

मी वहीत घराचे नकाशे काढायचे. दोन खोल्या, ओटा, मागे सीताफळ. नातेवाइकांसमोर बाबा हसून सांगायचे, आमच्या मनूचा बंगला. त्यामुळे ती जागा कोणाची हा प्रश्न घरात कधी आलाच नाही. सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मला वाटायचं, सगळ्यांनी ऐकलेलं असणं म्हणजेच नावावर असणं.

पडून राहण्याच्या त्या महिन्यांत मी त्या प्लॉटवर फार वेळ घालवला. पाय हलवता येत नसताना मी तिथे ओट्यावरून अंगणात उतरत असे. डॉक्टरांचं इंग्रजी वाक्य डोक्यात सुरू झालं की मी नकाशा बदलायचे, दारं रुंद करायचे, म्हणजे खुर्ची जाईल. लग्न होईल की नाही, नोकरी मिळेल की नाही, काही माहीत नव्हतं. ती एक जागा होती जिथे मला कोणी कोणाला स्लिप डिस्क सांगायला लावणार नव्हतं.

आरसा

घरी आणल्यावर मला मागच्या खोलीत लाकडी दिवाणावर ठेवलं. मागची खोली आणि पुढची बैठक यांच्यात दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता. पाठीवर पडून फक्त छत दिसायचं, छतावरची पाल आणि पंखा. एका सकाळी बाबांनी दाढी उरकली, आपला आरसा पुसला आणि तो खिडकीच्या गजाला सुतळीने तिरपा बांधला. किती वेळ तो इकडे-तिकडे करत होते. "आता दिसते?" मला गल्ली दिसली. दूधवाला, समोरच्या काकूंची तुळस, शाळेत जाणाऱ्या मुली. त्या दिवसानंतर बाबांनी अंदाजाने दाढी करायला सुरुवात केली आणि हनुवटीवर रोज एखादा काप असायचा.

आजारी माणसाच्या घरातल्यांना सांगावंसं वाटतं, असा आरसा बांधा. त्याचे पैसे पडत नाहीत.

दादा मला उचलून संडासात न्यायचा. तोंड वळवून उभा राहायचा, शिट्टी वाजवायचा, म्हणजे मला संकोच वाटू नये. आई माझ्या टाचांना तेल लावायची. मी हे लिहिते आहे, कारण पुढे जे सांगणार आहे ते याच माणसांबद्दल आहे आणि ही माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

एक भीती मी कोणाला सांगत नव्हते. मला वाटायचं, यांनी माझी आशा सोडली आहे. आईने माझ्यासाठी घेऊन ठेवलेलं एक पातळ मावशीच्या मुलीला दिलं. बाबा माझ्याबद्दल बोलताना 'होती' म्हणायचे, हुशार होती, अक्षर चांगलं होतं. मी मोजकं खात असे, मोजकं मागत असे. आपण जास्त दिवस राहणारे पाहुणे आहोत असं वाटायचं.

त्याच दिवसांत दादाला स्थळ आलं. दादाला नोकरी नव्हती. मुलीकडचे बघायला आले तेव्हा मला शेजारच्या काकूंकडे हलवलं, पट्टा बांधून, रिक्षात घालून, जेमतेम तीन घरं पलीकडे. काकूंना सांगितलं, रंगकाम आहे. मुलीच्या मामांनी एकच गोष्ट विचारली म्हणे, पोराच्या नावावर काय आहे?

साक्षीदार

मग नाना आले. नाना म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वकील. त्यांचा आवाज कोर्टातला होता, पडद्याने तो अडत नसे. मला वाटतं अडावा असं त्यांना वाटतही नसे.

त्या दिवशी नाना बाबांना मृत्युपत्राची माहिती देत होते आणि मी ती तासाला बसल्यासारखी ऐकली. आजही ती बरोबर वाटते, म्हणून लिहिते. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आपण स्वतः कमावलेलं आपण कोणालाही देऊ शकतो. वाडवडिलांकडून आलेल्यात मात्र मुलामुलींचा हक्क असतो. बँकेत किंवा पोस्टात ज्याचं नाव वारसदार म्हणून लावतो, तो पैसे उचलणारा असतो, मालक होतोच असं नाही. आणि मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलू शकतो.

"आन साक्षीदार दोन," नाना म्हणाले. "ज्याले काही भेटते त्याची सही नको. आन म्हातारा नको. साक्षीदार मागं राहणारा पायजे, उद्या कोर्टात उभा राह्यला पायजे."

मग बराच वेळ कागदाचा आवाज. आई चहा घेऊन गेली आणि रिकामा ट्रे घेऊन माझ्या खोलीतून जाताना माझ्याकडे न बघता गेली.

पडदा सरकवून बाबा आत आले. हातात टाइप केलेला कागद, एका पुठ्ठ्यावर. ते माझ्या उशाशी स्टुलावर बसले.

"मनू, इथं एक सही पायजे होती. साक्षीदार म्हणून."

"माझी?"

"नाना म्हणे, साक्षीदार मागं राहणारा पायजे." थोडं थांबून ते म्हणाले, "तू राहशील."

त्या दोन शब्दांनी मला काय झालं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते कोणीतरी बोललं होतं. डॉक्टर नाही, देवळातला अंगारा आणणारी मावशी नाही, बाबा. माझे बाबा म्हणत होते की मी त्यांच्या मागे राहीन. मी पेन घेतलं. टोपण काढलं.

आणि मग, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी वर्षानुवर्षं बजावलं होतं म्हणून, न वाचता सही करायला हात होईना. मी पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला.

"साक्षीदाराले मजकूर माहीत असाच लागते असं नाही," बाबा म्हणाले. आवाज सौम्य होता. नानांनी सांगितलेलंच ते सांगत होते, आणि कायद्याने ते खरं आहे.

मी टाइप केलेलं मराठी हळू वाचते. तरी वाचत गेले. घर आईला तिच्या हयातीपर्यंत, नंतर दादाला. वरोरा रोडचा प्लॉट दादाला. माझं नाव शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं: माझी मुलगी हिचे लग्न मुलाने करून द्यावे व तिचा औषधोपचार यथाशक्ती करावा.

ज्याला काही मिळतं त्याची सही नको. हे मी नुकतंच ऐकलं होतं. सही मागितली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"बाबा, प्लॉट…"

ते खिडकीकडे बघत होते. अंगठा आणि तर्जनी माझ्या चादरीचा काठ ओढून बघत होती. "त्या लोकायले काही दाखवा लागते ना, बेटा. तुले काय कमी पडू देऊ आम्ही? तू समजदार आहे."

मला भांडता येत नाही. लहानपणापासून येत नाही. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "माझ्याने पेन धरवत नाहीये."

माझ्या उशीपाशी पेन्सिल होती आणि सकाळपासून तपासलेल्या, शेजारच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या होत्या. बाबांनी त्या वह्यांकडे बघितलं. मग पुठ्ठा उचलून बाहेर गेले. पडदा त्यांच्या खांद्याला अडकून अर्धा उघडा राहिला, आणि खिडकीतल्या आरशात, तिरपा, बैठकीचा एक तुकडा दिसायला लागला. नानांचे गुडघे, चहाचा कप, बाबांचा हात.

नाना म्हणाले, "तिची सही असती तं बरं होतं. उद्या जावई आला, कोर्टात जातो म्हणे, तं दाखवता आलं असतं की पोरीच्या समोरच झालं. तोंड बंद राह्यलं असतं."

बाबा म्हणाले, "हौ."

एवढंच. आरशात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होता, आणि त्या हाताची बोटं कागदाचा कोपरा चाचपत होती. मला वच्छलाबाईंचा फरदड कापूस आठवला. बाबांच्या हातात इतकी वर्षं काढून मीही शेवटी तीच प्रत ठरले होते. प्लॉट गेला याचं दुःख मला नंतर झालं, सावकाश. त्या क्षणी मी फक्त "तू राहशील" या दोन शब्दांकडे बघत होते आणि ते माझ्यासाठी होते की नानांच्या कागदासाठी, हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकांनी आणि त्यांच्या मुलाने सह्या केल्या.

त्यानंतरचं घर

घरात कोणी मला काही बोललं नाही. फक्त बाबा संध्याकाळी स्टुलावर येऊन बसायचे ते बंद झालं. दाराशी उभे राहून गोळी घेतली का विचारायचे. आईने तेल लावता लावता एकदा म्हटलं, "तुह्या बापाले वाटलं तू समजून घेशील. मले माहीत होतं, पण कोणत्या तोंडानं सांगू?" आईच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्यासाठी वाईट वाटून घ्यायला हवं होतं. नाही वाटलं. मी टाच ओढून घेतली.

दादाचा स्वभाव सरळ. तो म्हणाला, "मनू, घर बांधलं की तुह्यासाठी एक खोली ठेवतोच ना मी." त्याने ते मनापासून म्हटलं होतं. माझ्या ओट्यावर तो मला एक खोली देत होता.

मला सर्वांत जास्त छळलं ते हे, की माझ्याजवळ तक्रार करायला जागा नव्हती. पुढे यवतमाळच्या एका वकीलबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, वडिलांची स्वकमाई आहे, ते कोणालाही देऊ शकतात, तोंडी सांगितलेल्या जमिनीला अर्थ नाही. बाबांनी कायदा कुठेही मोडला नव्हता. त्यांनी फक्त जे इतकी वर्षं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ते म्हटलंच नाही असं केलं.

आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांना आणि ज्यांचं कोणी आजारी आहे त्यांना म्हणावंसं वाटतं, या गोष्टी पडद्यापलीकडे करू नका. रुग्णाला उशीला टेकवून बसवा आणि त्याच्यासमोर बोला. तुम्ही त्याला काही देणार नसाल तरी चालेल. नाही म्हटलेलं ऐकता येतं. आणि तुम्ही स्वतः रुग्ण असाल तर लाज सोडून विचारा, माझ्या नावावर काय आहे, कागद दाखवा. वच्छलाबाईंनी मला हे फुकट सांगितलं होतं आणि मी त्यांच्यावर रुसले होते.

पायांत जोर परत आला तो नोव्हेंबरच्या सुमाराला. आधी वॉकर, मग भिंत, मग काहीच नाही. मी अंगणात पहिल्यांदा एकटी चालले तेव्हा आई रडली, दादाने गल्लीभर पेढे वाटले आणि लोकांना सांगितलं, स्लिप डिस्क बरी झाली. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्या संध्याकाळी त्यांनी खिडकीचा आरसा सोडला आणि पुन्हा दाढीच्या जागी टांगला.

माझा कागद

औषधं संपून बराच काळ झाल्यावर मी यवतमाळला शाळेत लागले. खोली घेतली. शनिवारी वणीला जाते. दादाचं लग्न झालं, वरोरा रोडला जोत्यापर्यंत बांधकाम आलं आहे. सीताफळाचं झाड नव्या भिंतीच्या मधोमध येत होतं, ते काढलं.

शाळेत भविष्यनिर्वाह निधीचा कागद भरताना कारकून म्हणाले, मॅडम, वारसदाराचं नाव. माझा हात थांबला. मग त्या आठवड्यात मी बसून एक मृत्युपत्र लिहिलं. माझ्या नावावर फार काही नाही. बँकेत थोडं आहे, निधी आहे, आजीच्या कुड्या आहेत. मी ते मराठीतच लिहिलं, स्वतःच्या हाताने, साध्या कागदावर. शाळेतल्या एका मैत्रिणीने माझ्यासमोर साक्षीदार म्हणून सही केली. दुसरी सही राहिली.

शनिवारी घरी गेले तेव्हा बाबा बैठकीत पेपर वाचत होते. मी कागद पुठ्ठ्यावर लावून त्यांच्यापुढे धरला, वरचा भाग दुमडून, खालच्या सह्या तेवढ्या दिसतील असा. म्हटलं, "ही सही माझी आहे. खाली साक्षीदाराची हवी आहे."

"काय होय हे?"

"मृत्युपत्र. माझं."

त्यांनी चष्मा काढला. "तुले काय झालं आता? बरी तं झाली."

"बरी झाले म्हणूनच."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. आई पडद्यामागे उभी होती हे मला कळलं. बाबा कागदाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी कायले? साक्षीदार मागं राहणारा पायजे."

म्हणजे ते वाक्य त्यांना आठवत होतं. इतके दिवस मला वाटत होतं, ते फक्त मलाच आठवतं.

"तुम्ही राहाल," मी म्हटलं.

त्यांचा अंगठा आणि तर्जनी कागदाच्या दुमडलेल्या काठावर गेली, ओढून बघू लागली आणि थांबली. त्यांनी घडी उघडली नाही.

"तुह्या आईले काही ठेवलं का?"

"साक्षीदाराला मजकूर माहीत असायची गरज नसते, बाबा."

त्यांनी चष्मा लावला. पेन मागितलं, मी दिलं. त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली, खरेदी केंद्राच्या पावत्यांवर करायचे तशी, खाली दोन रेघा ओढून. तारीख घालायला विसरले. ती मी घातली.